एका दुखण्याचे पथ्य, दुसऱ्याचे कुपथ्य : पोट बिघडलेल्या दिवसांत काय खावे?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. मला बऱ्याच वर्षांपासून आयबीएसचा, म्हणजे आतडे वारंवार बिघडण्याच्या विकाराचा, त्रास आहे. त्याच्या जोडीला टाईप टू मधुमेह, हायपोथायरॉइड आणि अर्धशिशी आहे, आणि दूध पूर्वीपासूनच पोटाला चालत नाही. एरवी पथ्यपाणी सांभाळून दिवस सुरळीत जातात; परंतु अधूनमधून पोट असे काही बिघडते की आठ-दहा दिवस त्याला थारा राहत नाही. सकाळी उठल्याबरोबर मुरडा येऊन धावावे लागते, दुपारपर्यंत पोट टम्म फुगते आणि संध्याकाळी जेवणाचे नुसते नाव काढले तरी कळ येते.

खरी अडचण पुढची आहे. आमच्या फ्रिजच्या दारावर दोन आहारतक्ते शेजारी शेजारी लावलेले आहेत. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या तक्त्यात मोड आलेली कडधान्ये, कच्ची कोशिंबीर, कोंड्यासकट पिठाची पोळी आणि सफरचंद हे सगळे ठळक अक्षरांत आहे, तर भात, बटाटा आणि साबुदाणा यांच्यावर फुली मारलेली आहे. पोटाच्या डॉक्टरांच्या तक्त्यात फुल्या नेमक्या उलट्या आहेत. मऊ भात खाल्ला की पोट निवते आणि दोन तासांनी साखर अडीचशेच्या घरात जाते. मटकीची उसळ खाल्ली की साखर शहाण्यासारखी वागते आणि पोट रात्रभर झोपू देत नाही. डोके दुखते म्हणून वेदनाशामक गोळी घ्यावी तर पोटात आग पडते, न घ्यावी तर उलट्या होतात. इकडे आड, तिकडे विहीर.

माझे प्रश्न दोनच आहेत. ज्यांना पोटाच्या विकाराबरोबर आणखी एक-दोन आजार आहेत, ते अशा बिघडलेल्या दिवसांत कोणाचा तक्ता पाळतात? आणि निरनिराळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यांचा मेळ कोण घालून देते? ‘अमुक बंद करा, सगळे बरे होईल’ असे प्रतिसाद कृपया नकोत, कारण बंद करता करता ताटात आता मीठ आणि लिंबू एवढेच उरले आहे.

जुना_पेठकर

मृण्मयीताई, लिंबूसुद्धा जपून खा. अर्धशिशीची पथ्ये सांगणारी काही मंडळी लिंबाकडेही बोट दाखवतात. मिठाचे म्हणाल तर ते रक्तदाब सुरू होईपर्यंत तुमचेच आहे.

खडकवासला_वारा

पेठकरकाकांचा विनोद बाजूला ठेवून एक मूलभूत गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण या धाग्यावर पुढे येणारे वाचक दोन वेगळे आजार एकच समजण्याचा धोका आहे. आयबीएसमध्ये आतड्याला सूज किंवा जखम नसते, तर आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. मला आहे तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते आणि व्रण पडतात. पोट बिघडणे वरवर सारखेच दिसते, परंतु उपचार पूर्णपणे निराळे आहेत. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, ताप, रक्तक्षय, आणि रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर ते ‘नेहमीचेच’ म्हणून अंगावर काढू नये. शौचातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी केली की आतड्याला सूज आहे की नाही याचा बराचसा अंदाज येतो. आपल्याकडे तर आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आणखी एक विकार) हे दोन आजार दुर्बिणीतूनही इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरसुद्धा तुकडा तपासल्याशिवाय बोलत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मलाही मधुमेह आहे आणि कोलायटिस उसळला की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करावे लागते, ज्याने साखर हमखास चढते. आमच्या दोन्ही डॉक्टरांनी यावर एक साधी व्यवस्था लावून दिली आहे : त्या काळात पोटाचा तक्ता पाळायचा, मऊ भात खायचा, साखर अधिक वेळा तपासायची, आणि वाढलेली साखर औषधाने, गरज पडल्यास तेवढ्यापुरत्या इन्सुलिनने आटोक्यात ठेवायची. पोट सावरले की मधुमेहाचा तक्ता परत येतो. तक्ते दोन असले तरी ते एकाच दिवशी पाळायचे नसतात, हे कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते. स्टेरॉइडची गोळी मात्र साखर वाढली म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. ती टप्प्याटप्प्यानेच कमी करायची असते.

औषधपेढी

मी औषधांच्या दुकानात उभा राहून आयुष्य काढलेला माणूस आहे, त्यामुळे माझी नजर आधी ताटाकडे न जाता औषधांच्या चिठ्ठीकडे जाते. पोटाच्या तक्रारी घेऊन येणारे लोक काय खाल्ले ते तपशीलवार सांगतात, मात्र कोणत्या गोळ्या गिळल्या हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे.

मधुमेहाची सर्वांत प्रचलित गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. मळमळ, गुडगुड आणि जुलाब हे तिचे ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत, आणि हळूहळू विरघळणारा प्रकार जेवणाबरोबर घेतल्यास ते बऱ्याच जणांत कमी होतात. शिवाय ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ तपासत राहावे. दुसरी व्होग्लिबोज. ही गोळी पिठूळ पदार्थांचे लहान आतड्यातले पचन मुद्दाम लांबवते, म्हणजे जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही. पण जे पचले नाही ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वात धरतो. आयबीएसच्या रुग्णाला ही गोळी चालू असेल तर उसळ सोडूनही पोट फुगणारच.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची हे सर्वांना माहीत असते, पण कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या हे अनेकांना कोणी सांगितलेले नसते. इसबगोलही तिच्या शेजारी घेऊ नये. लोहाच्या गोळीने मलावरोध होतो, मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्ताच्या पातळ औषधाने जुलाब होतात. एकासाठी दुसरे आणि दुसऱ्यासाठी तिसरे औषध घेणारी माणसे मी रोज पाहिली आहेत. साखरविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सिरपांत आणि गोळ्यांत सॉर्बिटॉल असते, तेही नाजूक पोटाला जुलाब लावते.

मृण्मयीताई, माझी विनंती एवढीच आहे की सगळ्या औषधांची, अगदी अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या डोकेदुखीच्या गोळीसकट, वेळेसह एक यादी करा आणि ती संपूर्ण यादी एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःहून मात्र काहीही बंद करू नका.

मृण्मयी_कोथरूड

औषधपेढी, व्होग्लिबोज मला चालू आहे. दोन्ही वेळच्या जेवणाआधी. पोट फुगते हे मी पोटाच्या डॉक्टरांना सांगते आणि साखर चढते हे मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगते, त्यामुळे हा संबंध कोणाच्याच समोर आलेला नसावा. यादी करायला घेते.

त्रिफळा

इतक्या गोळ्यांची चर्चा वाचून वाईट वाटले. आपल्याकडे पोट बिघडले की पहिला उपचार लंघन हाच सांगितलेला आहे. अग्नी मंद झालेला असताना त्याच्यावर अन्नाचा भार टाकणे हेच चुकीचे. एक दिवस लंघन करावे, सुंठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेले पातळ ताक घ्यावे, दुसऱ्या दिवशी मुगाचे कढण घ्यावे. आमच्या घरात तीन पिढ्या याच मार्गाने बऱ्या झाल्या आहेत आणि कोणाच्याही फ्रिजवर तक्ता नाही.

स्वादसंयम

त्रिफळाजी, ताक आणि मुगाचे कढण यांच्याबद्दल माझे दुमत नाही. मी आहारशास्त्राचे काम करते आणि सुधारलेल्या रुग्णांना दोन्ही सांगते. मात्र लंघनाचा सल्ला सरसकट देणे धोक्याचे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने जेवण टाळले आणि औषध नेहमीसारखे घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अर्धशिशीच्या रुग्णांत तर उपाशी राहणे हे डोके दुखण्याचे अगदी परिचित निमित्त आहे. तुमच्या तीन पिढ्यांमध्ये हे तीनही आजार एकाच व्यक्तीत एकत्र असण्याची शक्यता कमी होती; इथे तोच तर प्रश्न आहे.

आता आहाराविषयी. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात आयबीएससाठी ‘लो फॉडमॅप’ नावाची पद्धत तयार झाली. आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि पटकन आंबणारी काही कर्बोदके असतात. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, दूध, सफरचंद, आंबा, फ्लॉवर आणि मध यांत ती भरपूर असतात. दोन ते सहा आठवडे ती टाळायची, नंतर एकेक गट परत खाऊन पाहायचा आणि जे सोसते ते कायमचे ताटात परत आणायचे, असे तिचे तीन टप्पे आहेत. आपल्याकडे लोक पहिल्या टप्प्यातच मुक्काम ठोकतात, तिथे सगळी गडबड होते. मृण्मयीताईंच्या ताटात मीठ आणि लिंबू उरले ते यामुळेच, असे माझे मत आहे. आधीच वजन कमी असलेल्यांनी तर हा प्रयोग जाणकाराच्या देखरेखीशिवाय करूच नये.

मराठी स्वयंपाकात हे बसवणे वाटते तेवढे अवघड नाही. लसणातली त्रास देणारी कर्बोदके पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या आणि त्याच तेलाची फोडणी दिली तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. पाकळ्या आमटीत उकळल्या की मात्र उपयोग नाही. कांद्याची उणीव हिंग भरून काढतो. ज्वारीची भाकरी, वांगे, गाजर, काकडी, पालक, अंडे, मासे हे बहुतेकांना चालते. मुगाची डाळ भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि वाटीऐवजी दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करावी. मऊ भाताने साखर चढते हे खरे, परंतु नुसता भात न खाता त्यासोबत अंडे किंवा टोफू आणि शिजवलेली भाजी घेतली, आणि भाताची मूद लहान ठेवली, तर चढ पुष्कळ कमी होतो. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये अनेकांना त्रासच देतो. त्याऐवजी भरपूर पाण्याबरोबर घेतलेला इसबगोल पोटालाही बरा आणि साखरेलाही. तुमच्या दोन्ही तक्त्यांमध्ये फुली नसलेला पदार्थ शोधायचा झाला, तर मी त्याच्यापासून सुरुवात करेन.

आभाची_आई

स्वादसंयम यांनी हिंगाचे नाव काढले म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मुलीला टाईप वन मधुमेह आहे आणि त्यानंतर सीलिॲकचेही, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचेही, निदान झाले. हे दोन्ही आजार एकत्र येणे दुर्मीळ नाही, कारण दोन्हींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. बाजारातला बांधानी हिंग गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात आणि डिंकात मिसळलेला असतो. आयबीएसच्या माणसाला चिमूटभर हिंगातल्या पिठाने काही होणार नाही, पण सीलिॲकमध्ये तेवढेही टाळावे लागते. आम्ही तांदळाच्या पिठातला हिंग शोधून घेतो.

मेतकूट-भात हा प्रत्येक आजारी मराठी माणसाचा पहिला घास, आणि पारंपरिक मेतकुटात डाळींबरोबर गहूही भाजून घातलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीचे आणि सातूच्या पिठाचेही तेच. शेजारच्या काकूंनी प्रेमाने पाठवलेला डबा परत करताना जीव तुटतो, पण करावा लागतो. सर्वांत मोठा प्रश्न गिरणीचा आहे. आम्ही ज्वारी स्वच्छ निवडून नेली तरी आधीच्या गिऱ्हाईकाचे गव्हाचे पीठ जात्याच्या पाळीवर, कापडी पिशवीवर आणि भिंतीवर पांढरे बसलेले असते, आणि पहिला घाणा त्यातूनच बाहेर पडतो. शेवटी घरगुती चक्की घेतली. पाकिटबंद पदार्थांवर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घालून दिली आहे, तेव्हा लेबल वाचण्याची सवय कामी येते. त्या मानाने उपवासाचा फराळ आमच्यासाठी मेजवानी असतो. वरई, राजगिरा, शिंगाडा यांत मुळात गहू नाहीच. साखर मोजून इन्सुलिन देताना साबुदाणा मात्र आमची परीक्षा पाहतो.

मृण्मयीताई, तुमचा थायरॉइडचा विकार जर स्वप्रतिकारामुळे झालेला असेल, तर सीलिॲक ओळखणारी टीटीजी नावाची रक्ततपासणी एकदा करून घ्या, असे सुचवीन. एक अट महत्त्वाची आहे : तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर निकाल खोटा समाधानकारक येतो. गव्हाचा हा दोष कळला तोही विलक्षण परिस्थितीत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला आणि सारा देश उपाशी असताना सीलिॲकची मुले मात्र सुधारली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. त्यांनी १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला.

जुना_पेठकर

आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे भिंगातून वाचून आलो. खाद्य डिंक, गव्हाचे पीठ आणि मग कुठे हिंग. इतकी वर्षे मी ज्याला हिंग समजून भाव विचारत होतो ते बहुतांशी कणीकच निघाली. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘तुम्हाला सीलिॲक आहे का?’ नाही म्हटल्यावर भिंग काढून घेण्यात आले.

तन्मय_हिंजवडी

घरी राहणाऱ्यांना तक्ते पाळणे शक्य तरी आहे. मी कात्रजहून हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो. वाकडच्या अलीकडे वाहतूक तुंबली आणि पोटात कळ आली की काय अवस्था होते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. कालांतराने कळ येईल या भीतीनेच कळ येऊ लागते. ऑफिसच्या उपाहारगृहात प्रत्येक भाजीची ग्रेव्ही कांदा-लसणाची, आणि अमृततुल्यवर मित्रांबरोबर उभे राहिले की बिनदुधाचा चहा मागणाऱ्याकडे चहावाला ज्या नजरेने पाहतो ती सोसण्यापेक्षा मुरडा परवडला.

माझ्या बाबतीत फरक पडला तो एका अगदी कमी मात्रेच्या जुन्या गोळीने. अमिट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्यावरचे औषध, पण त्याच्या कितीतरी कमी मात्रेत ते आतड्याच्या मज्जातंतूंची अतिसंवेदना कमी करते. ब्रिटनमध्ये आयबीएसवर झालेली त्याची मोठी चाचणी २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि तिचा निष्कर्ष अनुकूल होता. मृण्मयीताईंसाठी मुद्दाम लिहितो आहे, कारण हेच औषध अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणूनही देतात. दोन आजारांना एकच औषध लागू पडत असेल तर यादीतून एखादे नाव कमी होऊ शकते. त्याने तोंड कोरडे पडते, झोप येते, मलावरोध होऊ शकतो, आणि काचबिंदू किंवा हृदयाच्या तक्रारी असणाऱ्यांना ते चालतेच असे नाही. तेव्हा निर्णय डॉक्टरांचाच.

त्रिफळा

म्हणजे पोटासाठी आता नैराश्याची गोळी. धन्य आहे.

तन्मय_हिंजवडी

त्रिफळाजी, मी सुंठ-ताकही घेतो. फक्त बसमध्ये घेत नाही.

सातारा_रस्ता

माझे वडील पंचाहत्तरीचे आहेत. मूत्रपिंड अशक्त आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे. त्यांचे पोट बिघडले की भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळे घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि दुबळ्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, हे प्रत्येकाला दारात समजावून सांगावे लागते. एका नातेवाइकांनी तर ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणून माझ्यामागे ते पाजायचा प्रयत्न केला होता.

या धाग्यावर अजून न आलेला एक मुद्दा मांडतो. जोराचे जुलाब किंवा उलट्या होऊन शरीरातले पाणी कमी झाले की रोजचीच काही औषधे अपाय करू लागतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे, मेटफॉर्मिन, आणि मधुमेहाचे डॅपाग्लिफ्लोझिन ही त्यांपैकी काही आहेत. अशा दिवसांत यांतले कोणते औषध थांबवायचे आणि पुन्हा कधी सुरू करायचे, हे आमच्या डॉक्टरांनी बरे असतानाच कागदावर लिहून दिले आहे. आजारपणात रात्री अकरा वाजता फोन लावत बसण्यापेक्षा हे फार सोयीचे पडते. कोणाच्याही बाबतीत ही यादी वेगळी असेल, म्हणून आमची इथे देत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते परस्पर बंद करण्याचा विचारही करू नये.

औषधपेढी

सातारा_रस्ता यांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. त्याला जोडून ओआरएसबद्दल लिहितो. मधुमेही लोक त्यातल्या साखरेला घाबरून ते घेतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, आणि ते गोडीसाठी नसून आतड्याने मीठ आणि पाणी ओढून घ्यावे म्हणून असते. त्यामुळे साखर मोजत, घोट घोट, ते घ्यावे. फळांच्या चवीच्या तयार खोक्यांतली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. पुडीवरचे सूत्र वाचून घ्या. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी किती प्यावे हे विचारून ठरवावे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे द्रावण पिंपांतून वाटून असंख्य जीव वाचवले होते. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

नांदेड_फाटा

आमच्या भागातून लिहितो आहे म्हणून पाण्याचा विषय काढणे भाग आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे मज्जातंतूंवर परिणाम होऊन अशक्तपणा आणणारा आजार) साथ आली तेव्हा अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते, आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. ती साथ ओसरली, परंतु एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी : जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा वाटू लागला आणि तो वर चढू लागला, तर आयबीएसचा थकवा समजून घरी बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसरे असे की आतड्याच्या संसर्गानंतर साधारण दहांपैकी एकाला पुढे आयबीएस जडतो. माझे तसेच झाले. त्याआधी मिसळीवर तर्री मागून घेणारा मी आता पाणीसुद्धा उकळून, गाळून पितो. टँकर येणाऱ्या सोसायट्यांनी टाक्यांचे क्लोरिनीकरण कोण तपासते, हे एकदा विचारून पाहावे.

जुना_पेठकर

मिसळीशिवाय जगणे हा आजार कोणत्या तज्ज्ञांकडे दाखवतात?

मृण्मयी_कोथरूड

सर्वांचे आभार. यादी घेऊन मी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, दोन्ही तज्ज्ञांकडे मुद्दाम गेले नाही. त्यांनी यादी टेबलावर पसरून प्रत्येक गोळीपुढे वेळ लिहिली, आणि माझ्यासमोरच मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन लावला. व्होग्लिबोज थांबवून वेगळी गोळी सुरू झाली आहे, मेटफॉर्मिन हळू विरघळणारे मिळाले आहे, आणि मी थायरॉइडच्या गोळीनंतर तासाभरात घेत असलेले कॅल्शियम रात्रीवर ढकलले आहे. टीटीजी तपासले, ते सामान्य आले. गहू त्या वेळी चालूच होता. अमिट्रिप्टिलिनबद्दल पोटाच्या डॉक्टरांशी पुढच्या भेटीत बोलायचे ठरले आहे.

पोट फुगणे स्पष्टपणे कमी झाले आहे. सकाळचा मुरडा मात्र आहे तसाच आहे, तेव्हा कोणी चमत्काराची वार्ता पसरवू नये. खडकवासला यांनी सुचवल्याप्रमाणे ‘बिघडलेल्या दिवसांचा’ तिसरा कागद तयार झाला आहे आणि तो आधीच्या दोन तक्त्यांच्या वर चिकटवला आहे. त्यात लहान मूद भात, मुगाचे पातळ वरण, लसणाच्या तेलाची फोडणी, गाजराची शिजवलेली भाजी, एक अंडे, पातळ ताक आणि दर दोन तासांनी साखरेची तपासणी, एवढेच आहे. ताकाचे श्रेय त्रिफळाजींना. दूध मला चालत नाही, पण आंबवताना दुधातली काही साखर जिवाणूच संपवतात म्हणून ताक निभावते.

आता गणपती तोंडावर आले आहेत. उकडीच्या मोदकांचे काय करावे?

स्वादसंयम

पोट शांत असेल त्या दिवशी, जेवणानंतर नव्हे तर जेवणातला भात वगळून त्याच्या जागी, एक मोदक घ्या आणि दोन तासांनी साखर पाहा. त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ खाऊ नका, म्हणजे पोटाने तक्रार केलीच तर ती कशामुळे झाली हे समजेल. तुपाची काळजी नको, त्यात दुधातली साखर नावालाच उरते. नारळ मात्र जास्त झाला की काहींना फुगारा येतो, तेव्हा दुसऱ्या मोदकाचा निर्णय दुसऱ्या दिवशी.

आभाची_आई

उकडीचे मोदक तांदळाच्या पिठाचे असल्याने आमच्याकडेही चालतात. पिठी घरच्या चक्कीवरची असेल तर. कोथरूड-कर्वेनगर भागात कोणाला गव्हाशिवायची पिठी दळून हवी असल्यास विपू (विचारपूस, म्हणजे इथला खासगी निरोप) करा, मी हरतालिकेच्या आधी दळणार आहे. तांदूळ धुऊन, वाळवून आणि स्वतःच्या डब्यात आणावेत. पिशवीत नकोत.

जुना_पेठकर

तांदूळ आणतो. डबा परत मिळेल ना?